उकळी फुटते ती जागा

४ फेब्रुवारी

ताई,

पाकीट बघून धसकू नकोस, मी ठणठणीत आहे. फोन करायचा सोडून लिहायला बसलो, कारण मला तुझ्याकडून आकडे हवे आहेत, आणि तुझ्या फ्रिज-दुरुस्तीच्या दुकानातल्या खडखडाटात फोनवर सतराचे सत्तर ऐकू येतात.

काम असं आहे. आमचा विभाग लहान दवाखान्यांसाठी लस ठेवायची एक शीतपेटी बनवतोय. खोली उन्हाळ्यात भट्टीसारखी तापली तरी पेटीच्या आत दोन ते आठ डिग्रीच राहायला हवं. पेटीतल्या कॅपिलरीचं गणित माझ्याकडे आहे. कॅपिलरी म्हणजे कंडेन्सर आणि कूलिंग कॉइल यांच्या मधली ती लांबलचक, बारीक तांब्याची नळी. आतलं भोक मिलिमीटरभरही नसतं. कंडेन्सरमधून गॅस द्रव होऊन निघतो आणि या नळीतून घासत घासत पुढे जातो. घासताना त्याचा दाब उतरत जातो. एका जागी तो इतका उतरतो की द्रवाला उकळी फुटते, बुडबुडे होतात आणि बुडबुड्यांनी पुढची वाट अडते. उकळी लवकर फुटली तर गॅस कमी जातो, उशिरा फुटली तर जास्त. सगळा खेळ त्या एका जागेचा. ती मी संगणकावर काढली आहे. तीन मीटरच्या नळीत ती एक मीटर चाळीस सेंटीमीटरच्या आसपास येते.

आता कुणीतरी खऱ्या नळीवर ती मोजून बघायला हवी. आत डोकावता येत नाही, पण बाहेरून तापमान घेता येतं. आत नुसता द्रव असेपर्यंत नळीचं तापमान तेवढंच राहतं. उकळी फुटली की उतरायला लागतं. पार्सलमध्ये तापमान दाखवणाऱ्या बारा तारा, त्यांचा मीटर आणि नळीचं एक बंडल पाठवतोय. तारा दहा-दहा सेंटीमीटरवर चिकटवायच्या, वरून फोम गुंडाळायचा, कंडेन्सरपुढे पुठ्ठा धरून पाच वेगवेगळ्या गरमीला तापमान कुठून उतरतं ते लिहायचं.

हे मोजायचं इथलं यंत्र सध्या मोकळं नाही, म्हणून तुला त्रास. आणि खरं सांगायचं तर तुझ्या हाताइतका भरवसा मला इथल्या कुणाच्याच हातावर नाही.

आईला सांग, मी वेळेवर जेवतो.

तुझा,
ढब्बू
(ही सही करताना हल्ली आजूबाजूला कुणी नाही ना, ते बघून घेतो.)


१५ फेब्रुवारी

ढब्बू,

पार्सल पोचलं. बारा तारा, एक मीटर, नळीचं बंडल आणि कॅपिलरी म्हणजे काय याची सविस्तर माहिती. माहितीबद्दल विशेष आभार. अठ्ठावीस वर्षं मी रोज काय कापत होते ते आता कळलं.

आईला पत्र वाचून दाखवलं. तिला त्यातला 'लस' एवढाच शब्द ऐकू आला. "कुठे टोचली? दंडाला की मांडीला?" म्हणून दिवसभर विचारत होती. शेवटी दंडाला म्हणून सांगितलं, तेव्हा गप्प बसली.

दुकानाच्या मागच्या खोलीत एका खानावळीने टाकून दिलेला फ्रिज होता, तोच उघडून ठेवलाय. कॉम्प्रेसर अजून खणखणीत आहे. जुनं दार दोन स्टुलांवर आडवं टाकलं आणि त्यावर तुझी नळी ताणली. मावेना, म्हणून शेवटचं टोक खिडकीच्या गजाला बांधलंय. येणारी गिऱ्हाइकं विचारतात, हे काय नवीन? मी सांगते, भावाची परीक्षा आहे.

आमच्या धंद्यात नळी कशी ठरवतात तुला माहीत आहे. तक्ता असला तर तक्ता बघायचा. नसला तर जरा लांबच लावायची आणि मशीन 'आता बरं वाटतंय' म्हणेपर्यंत वीत-वीत कापत यायचं. तू कापायच्या आधीच सांगतोस, याचं मला खरंच कौतुक वाटतं. हे मी आईला मोठ्याने ओरडून सांगितलं, शेजारच्या शिंप्यालाही ऐकू गेलं.

एक विचारायचं होतं. समजा नाही जुळलं, तर?

बाबा गेल्यावर मी दुकानात बसले आणि वह्या-पुस्तकं तुझ्याकडे आली, ते बरंच झालं. पण म्हणूनच विचारते. आपलं काय चुकलं ते मला कळेल की नाही, कोण जाणे.

ताई


२३ फेब्रुवारी

ताई,

घाईत लिहितोय.

जुळेल. नाही जुळलं तर बहुधा तारा नीट चिकटल्या नसतील किंवा फोम सैल असेल. पुन्हा करून बघ. तुझी सोय म्हणून पाचही गरमींना माझं गणित काय म्हणतं ते मागच्या पानावर लिहिलंय. म्हणजे कुठे बघायचं ते आधीच कळेल.

आमच्या मॅडम, म्हणजे विभागाच्या प्रमुख, गरम खोलीतल्या चाचणीशिवाय पेट्या बाहेर पाठवायला तयार नव्हत्या. ती खोली जूनपर्यंत दुरुस्तीत आहे आणि उन्हाळा काही जूनपर्यंत थांबणार नाही. मी म्हटलं, एका अनुभवी तंत्रज्ञाकडून मोजमाप मागवलंय. त्या म्हणाल्या, "ते तुमच्या गणिताशी जुळलं तर बारा पेट्या सोडते." अनुभवी तंत्रज्ञ म्हणजे तू. कॉलर ताठ कर.

दोन वर्षं गेली यात, ताई. आता जुळायलाच हवं.

ढब्बू


१२ मार्च

ढब्बू,

आकडे सोबतच्या कागदावर आहेत. पाचही वेळा तुझ्या आकड्यांच्या जवळच आले. एक मीटर एकेचाळीस, एक मीटर तेहतीस, असे.

इकडे सगळं ठीक. आईची दाढ काढली. दुकानाच्या शटरला रंग दिला. निळा मागितला होता, रंगाऱ्याने हिरवा दिला आणि म्हणतो, वाळला की निळा दिसेल.

जास्त लिहीत नाही, गिऱ्हाईक थांबलंय. तारा आणि मीटर परत पाठवू का?

आता तुझं काम होईल ना?

ताई


२० मार्च

ताई,

झालं! मॅडमनी कागद दोनदा वाचला. म्हणाल्या, "हाताने मोजणारा माणूस इतका नेमका?" मी म्हटलं, "माझी बहीण आहे." ते म्हणताना माझा आवाज जरा चढलाच असणार, कारण पलीकडच्या टेबलावरचे दोघं मान वर करून बघायला लागले.

आमच्या तीस डिग्रीच्या खोलीत पेटी सुरेख चालते. त्याहून जास्त गरमीला काय होईल त्याला तुझ्या मोजमापाचा आधार. बारा पेट्या बारा दवाखान्यांत जाणार, नळी तीन मीटरची. त्यातली एक तुझ्या गावच्या दवाखान्यात लावायला मीच सांगितलंय. देखभालीला तू जवळ आहेस, आणि तुझ्या हातचं काम तुझ्या डोळ्यासमोर चालताना तू बघावंस असं मला वाटलं.

तुझं पत्र तुटक वाटलं. दमली असशील. मीच तुला कामाला जुंपलं. तारा ठेवून घे, तुझ्याच आहेत.

ढब्बू


२ मे

ढब्बू,

सकाळी तुमच्या ऑफिसात फोन केला. तू बाहेरगावी आहेस म्हणाले. 'कुठल्याच पेटीत लस ठेवू नका, सगळ्या दवाखान्यांना कळवा' एवढा निरोप लिहून घ्यायला लावला आणि दोनदा वाचून दाखवायला लावला. कारण सांगितलं नाही. ते तुलाच सांगायचं आहे.

तुमची पेटी गेल्या सोमवारी आपल्या दवाखान्यात आली. खिडकीखालच्या कोपऱ्यात लावली. मी रोज जाऊन बघत होते. दोन दिवस बरी चालली, मग ऊन वाढलं. काल दुपारी खोलीत बेचाळीस होतं आणि पेटीच्या आत अकरा. मागचं झाकण काढलं. कॉम्प्रेसरकडे येणारी परतीची नळी घामाने थबथबलेली. कॉम्प्रेसर चटका बसेल इतका तापायला हवा, तो कोमट. आणि आतून टकटक. नळीतून नको तितका गॅस येतोय आणि उकळायचा राहिलेला द्रव थेट कॉम्प्रेसरच्या घशात जातोय. हे कळायला मला मीटर लागत नाही.

नर्सबाई मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, "उद्या लस येणार आहे, साठ मुलांची. ठेवू ना हिच्यात?"

"नका ठेवू."

"अहो, परवापर्यंत चांगली होती की! नवीकोरी पेटी. आणि जुन्या फ्रिजचं दार धड लागत नाही म्हणून तो मी व्हरांड्यात काढलाय."

"तो आत घ्या. दार मी आजच्या आज नीट करून देते."

"पण हिला झालंय तरी काय?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "हिची नळी माझ्यामुळे चुकली."

"तुमच्यामुळे? ही तर तिकडून बनून आली ना?"

मी जुन्या फ्रिजच्या दाराचं रबर बदललं, बिजागरी बसवली, तासभर थांबून आत चार डिग्री बघितले आणि घरी आले.

आता ऐक. मी आकडे बदलले होते.

मी मोजलं तेव्हा उकळी तुझ्या जागी फुटतच नव्हती. पहिल्या वेळी एक मीटर सत्तर. वाटलं, तारा सैल आहेत. सगळ्या काढून पुन्हा चिकटवल्या. पुन्हा सत्तर. फोम दुप्पट केला. सत्तरच. गरमी बदलली की जागा सरकायची, पण प्रत्येक वेळी तुझ्या आकड्याच्या पंचवीस-तीस सेंटीमीटर पुढेच. शेवटी फोम सोडला आणि नळीला कान लावला. तू म्हणतोस तिथे चिडीचूप. फुरफुर सुरू होत होती ती पुढे, माझ्या तारेपाशी.

आठ दिवस असेच गेले. मग तुझं ते मागचं पान काढून समोर ठेवलं. एकीकडे तुझं दोन वर्षांचं गणित, दुसरीकडे मी आणि गजाला बांधलेली नळी. चूक कुणाची असणार? माझीच, फक्त मला ती सापडत नाहीये. मग सापडेपर्यंत तुला कशाला अडवून ठेवायचं? तू लिहिलं होतंस जुळायलाच हवं, म्हणून मी जुळवलं. एखाददुसरा सेंटीमीटर इकडेतिकडे केला, म्हणजे खरंच मोजल्यासारखे दिसतील.

तिथे मला कळलं होतं, ढब्बू. आपलीच चूक असणार असं वाटणं निराळं आणि तो सेंटीमीटर इकडेतिकडे करणं निराळं. पहिलं माझं अडाणीपण. दुसरं सरळ खोटं. तुला अडलं की मी पुढे व्हायचं, ही लहानपणापासूनची सवय. आईने बोलावं आणि मी मधे पडावं. पण इथे मधे कोण होतं ते मी बघितलंच नाही. ते काल व्हरांड्यात, पोरं घेऊन बसलेल्या बायकांकडे बघताना दिसलं.

काय वाटेल ते बोल. पण आधी पेट्या थांबव.

ताई


८ मे

ताई,

निरोप त्याच दिवशी मिळाला होता, पत्र काल मिळालं. बाराही पेट्या बंद केल्या आहेत. दोन दवाखान्यांत लस आधीच ठेवली होती. ती फेकावी लागली. मुलांना अजून टोचली नव्हती, एवढंच नशीब.

मूळ वही पाठव. खाडाखोड असेल तशीच.



तुझा भाऊ


१३ मे

वही पाठवतेय. पेन्सिलचे आकडे खरे. शाईचे तुला पाठवलेले.

लस फेकली त्या दोन दवाखान्यांचे पत्ते कळव. तुमची पेटी सुधारून येईपर्यंत त्यांच्याकडे चालू असलेलं काहीतरी हवं. मी दोन फ्रिज तयार करून ठेवलेत. तापमान तीन-तीन दिवस बघितलंय, तसा कागद आत चिकटवलाय. तो कागद खरा आहे.

आई विचारते, ढब्बूचं पत्र इतकं छोटं का आलं. मी सांगितलं, शाई संपली असेल.

ताई


२८ मे

ताई,

मागच्या पत्राखाली मी 'तुझा भाऊ' अशी सही केली. ती तुला लागावी म्हणूनच केली होती. ती आधी खोडून टाक.

वही आठ दिवस माझ्या टेबलावर आहे. पेन्सिलीचं एकेक पान बघतोय. कुठल्या तारखेला, पुठ्ठा किती झाकलेला, खोलीत किती गरमी, तार कितव्यांदा चिकटवली, सगळं आहे. आता माझं ऐक.

इथलं यंत्र मोकळं नाही असं मी तुला लिहिलं होतं. ते खोटं होतं. गेल्या ऑक्टोबरमध्ये त्या यंत्रावर हेच मोजमाप झालं होतं आणि उकळी एक मीटर अडुसष्टवर फुटली होती. मोजणाऱ्या तंत्रज्ञाला मी म्हटलं, तुमच्या तारा सैल आहेत. तो "असतील साहेब" म्हणाला आणि गेला. कागद मी फाइलमध्ये सगळ्यात खाली सारला. मग मला तू आठवलीस.

तुला मोजायला सांगितलं असंच मी स्वतःला बजावत होतो. पण ज्याला मोजून हवं असतं तो उत्तर मागच्या पानावर लिहून पाठवत नाही. मला तुझा होकार हवा होता, आणि तू तो देशील हे मला माहीत होतं. आयुष्यात तू मला एकदा तरी नाही म्हणाली आहेस का? मी आठवून बघितलं. एकदाही नाही.

तुझे आकडे आले तेव्हाही मला कळायला हवं होतं. तारा दहा-दहा सेंटीमीटरवर असताना एक मीटर एकेचाळीस इतकं नेमकं निघालं कसं? विद्यार्थ्याच्या वहीत मी त्याखाली लाल रेघ मारली असती. तुझ्या कागदावर मला ते दिसलं नाही, कारण मला नाचायचं होतं.

चूक कुठे आहे तेही सांगतो. माझ्या गणितात दाब उतरून ठरावीक रेषेवर आला की त्याच क्षणी उकळी फुटते. खरा द्रव तसा वागत नाही. उकळायची वेळ होऊनही तो काही अंतर तसाच, द्रव राहूनच पुढे जातो आणि मग एकदम फुटतो. ही काही नवी गोष्ट नाही. पुस्तकांत आहे, मी वाचलेली आहे. फरक क्षुल्लक असेल म्हणून मी ती सोडून दिली होती. उकळी उशिरा, म्हणून गॅस जास्त; म्हणून नळी आखूड पडली. गरमीत तर फारच. तुझ्या पेन्सिलच्या पाचही आकड्यांत ते स्वच्छ दिसतंय.

सोमवारी मॅडमकडे गेलो. तुझी वही आणि ऑक्टोबरचा कागद शेजारी-शेजारी ठेवला. त्यांनी आधी कागद वाचला.

"हा तुमच्याकडे ऑक्टोबरपासून आहे?"

"हो."

"आणि बहिणीला अपेक्षित आकडे आधी कुणी कळवले?"

"मीच."

बराच वेळ त्या वही चाळत होत्या. मग म्हणाल्या, "चूक त्यांचीही आहे, लहान नाही. पण त्यांच्या शाईखालची पेन्सिल अजून वाचता येते. तुम्ही तर कागदच दिसेनासा केलात."

त्यांचा निर्णय असा. वर्षभर माझ्या सहीने एकही पेटी बाहेर जाणार नाही. गणित माझ्याकडेच ठेवलंय, पण त्यातला प्रत्येक आकडा तो तंत्रज्ञ तपासणार. त्याच्याकडे जाऊन माफी मागितली. तो चहा पीत होता. कप खाली ठेवून म्हणाला, "तारा पक्क्या होत्या, साहेब." आणि पुन्हा कप उचलला.

तुझ्यावर चिडलो होतो, ते खोटं नाही. अजूनही मधूनच चिडतो. पण रात्रंदिवस तुझ्यावरच चिडत राहायचं म्हटलं तर ऑक्टोबरचा कागद विसरावा लागतो.

दवाखान्यांचे पत्ते मागच्या बाजूला आहेत. मागच्या बाजूला या वेळी दुसरं काही लिहिलेलं नाही.

जूनमध्ये पंधरा दिवसांची रजा घेतोय. तुझ्या मागच्या खोलीत माझ्यासाठी एक स्टूल रिकामं होईल का? मोजायला येतोय. गणिताची वही आणणार नाही.

ढब्बू


६ सप्टेंबर

ढब्बू,

तू गेल्यापासून मागची खोली मोठी वाटते. पंधरा दिवसांत तू तीन वेळा त्याच गजावर डोकं आपटलंस. आता तिथे कापड गुंडाळलंय, तू नाहीस तर उगाच.

दोन्ही दवाखान्यांत जाऊन आले होते हे तुला बोलले, पण सगळं बोलले नव्हते. पहिल्या ठिकाणी त्यांना फ्रिज मिळाल्याचाच आनंद. दुसऱ्या ठिकाणच्या डॉक्टरीणबाईंनी मला दारातच धरलं. "लस फेकली त्या दिवशी सहा-सहा मैल चालून आलेल्या बायकांना मी परत पाठवलंय. त्यांना काय सांगू, कुणाचं चुकलं?" मी म्हटलं, "माझं सांगा." त्यांनी दार पूर्ण उघडलं. मग म्हणाल्या, "आत या, कुठे ठेवायचा ते दाखवते." गेल्या महिन्यात पुन्हा गेले तेव्हा त्यांनी स्टूल पुढे केलं. त्याहून जास्त मी मागत नाही.

साडेतीन मीटरच्या नळीची पेटी आपल्या दवाखान्यात लागून तीन आठवडे झाले. मधे पावसाने दडी मारली, चार दिवस पुन्हा ऊन तापलं, पत्र्याखालच्या खोलीत एकेचाळीस. मी दुपारी दोनला जाऊन बसले. आत पाच. कॉम्प्रेसर चांगला गरम, टकटक नाही, परतीची नळी कोरडी. नर्सबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मग त्यांनी लस आत ठेवली आणि बाहेरच्या बायकांना हाक मारली. पहिलंच पोर असं काही भोकाड पसरून रडलं की व्हरांड्यातली सगळी रांग घाबरली. नर्सबाई म्हणाल्या, "रडू दे, गुणाची लस आहे."

पण मी लिहायला बसले ते दुसऱ्याच कारणासाठी.

तू गेल्यावर मी मोजणं थांबवलं नाही. तू सांगितलं नव्हतंस, मलाच राहवलं नाही. बाजारातून दुसऱ्या कारखान्याची नळी आणली, भोक तेवढंच, लांबी तेवढीच. तू इथे ठेवून गेलेल्या नव्या तक्त्याप्रमाणे सगळ्यात जास्त गरमीला उकळी एक मीटर साठला फुटायला हवी. तक्ता मी मोजून झाल्यावरच उघडला. ती फुटते एक मीटर पन्नासला. या वेळी उशिरा नाही, लवकर.

चार वेळा मोजलं. तारा पक्क्या आहेत. फोम घट्ट आहे. कान लावून बघितला. पन्नासच.

तुझ्या नव्या गणिताशी हे जुळत नाही. जसं आलं तसं सोबत पाठवतेय, पेन्सिलने लिहिलेलं मूळ पानच. नळीचा एक तुकडा आतली बाजू दिसेल असा उभा चिरून ठेवलाय, तोही पाकिटात आहे. का होत असावं याचा माझा एक अंदाज आहे. पण तो तुला आत्ता सांगणार नाही, नाहीतर तू तेच शोधत बसशील. आधी तू बघ.

ताई